पाणी आलं कुठून?

(दहावीच्या १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.)



आत्ता माझी ओळख 'जलतज्ज्ञ' अशी करून दिली. ती दुरुस्त करून घेतो, कारण समोर गणिताचे सर बसले आहेत आणि चुकीचं उत्तर खपवून घ्यायची त्यांना सवय नाही. मी साधा स्थापत्य अभियंता. चौतीस वर्षं रस्ते, मोऱ्या आणि पावसाळी गटारं यांची ड्रॉइंग्ज काढली. गटारतज्ज्ञ म्हटलं असतं तर जास्त बरोबर झालं असतं, पण निमंत्रणपत्रिकेवर ते चांगलं दिसलं नसतं.

आज मला बोलायला सांगितलं ते 'पर्यावरण' या विषयावर. विषय फार मोठा आहे. मी त्यातला एकच ओढा घेणार आहे. आपला. आंबिल ओढा.

या भाषणाचं कारण समोर तिसऱ्या रांगेत बसलंय. आपली एक वर्गमैत्रीण. नाव घेणार नाही, तिनं तशी अट घातली आहे. पण गोष्ट सांगायला तिची परवानगी आहे. २५ सप्टेंबर २०१९, बुधवार. पितृपंधरवडा चालू होता. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचं श्राद्ध, म्हणून घरात सामान भरून ठेवलेलं. रात्री ओढ्याचं पाणी तळमजल्यावर शिरलं. आई ब्याऐंशी वर्षांची. शेजारच्या दोन मुलांनी त्यांना खुर्चीसकट उचलून जिन्यावरून वर नेलं, म्हणून त्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही पाच-सहा जण फावडी घेऊन गेलो. गाळ गुडघ्याएवढा. त्याचा वास तुम्हाला सांगून कळणार नाही. गाद्या, गव्हाचं पिंप, शिवणयंत्र, सगळं एकाच रंगाचं झालेलं. आपला दहावीचा वर्गाचा फोटो भिंतीवर होता. तो चौकटीत होता, पण आत नुसता तपकिरी कागद राहिला होता. आज बाहेर लावलेला फोटो आहे ना, तो दुसऱ्या कुणाच्या तरी प्रतीवरून केला आहे.

त्या दिवशी तिनं मला विचारलं, "तू इंजिनियर ना? मग सांग, हे पाणी आलं कुठून? इतका पाऊस तर आमच्याकडे पडलाच नव्हता."

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो. "वर फार पडला गं. ढगफुटी झाली." ते उत्तर मला पाच वर्षं टोचतंय. आज नीट द्यायचा प्रयत्न करतो.

आधी ओढा आठवा. आपल्यापैकी निम्मे जण तो ओलांडून शाळेत यायचे. उन्हाळ्यात दगडांवरून उड्या मारत, पावसाळ्यात पुलावरून. पाचवीत भूगोलाच्या बाई वर्गाला काठावर घेऊन गेल्या होत्या. नदीचा उगम, पात्र, वळण, मुख हे सगळं त्यांनी ओढ्यावरच शिकवलं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी काठ खातं आणि आतल्या बाजूला वाळू टाकतं, हे मी अभियांत्रिकीच्या पुस्तकात वाचलं तेव्हा मला नवं नव्हतं. मी त्या वाळूत खेकडे पकडले होते. बाई, तुम्ही तेव्हा म्हणाला होतात की ओढ्याचं पात्र म्हणजे आत्ता पाणी आहे तेवढंच नव्हे. पाणी जिथवर कधीतरी येतं तिथवर सगळं त्याचं. आम्ही हे परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले आणि मोठे झाल्यावर विसरलो.

हा ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो. तिथे तलाव आहे, पेशवाईतला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्या तलावातून दगडी बांधणीच्या भुयारी नळानं पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत आणलं होतं. तलावाच्या सांडव्यावरून सुटलेलं पाणी धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर करत पर्वतीच्या बाजूनं दांडेकर पुलाखालून जातं आणि मुठेला मिळतं. पूर्वी तो शहरातूनच वाहायचा. पेशवाईत त्याला पर्वतीच्या पश्चिमेकडे वळवलं. म्हणजे ओढ्याला हात लावायची पुणेकरांची खोड जुनी आहे. फरक इतकाच, की तेव्हा ओढा हलवला तरी त्याच्यासाठी दुसरीकडे जागा ठेवली होती.

पुण्यात पूर म्हटलं की आपल्या आईवडिलांना १२ जुलै १९६१ आठवायचा. पानशेत. धरण फुटलं आणि नदी गावात आली. आपण जन्मलो नव्हतो, पण घराघरात भिंतीवरची खूण दाखवायचे. आजही खडकवासल्यातून पाणी सोडतात तेव्हा आपण बातम्या बघतो, इतके हजार क्युसेक, तितके हजार क्युसेक. या वर्षी जुलैमध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत काय झालं ते तुमच्यातल्या काहींनी घरातूनच बघितलं. पण नदीच्या पुराला निदान वर्दी असते. धरणाचं दार उघडावं लागतं, कुणीतरी आकडा सांगतो. ओढ्याला दार नाही. डोंगरावर पडलेलं पाणी तासा-दीड तासात घराच्या उंबऱ्याशी येतं, आणि घरासमोर तर आकाश मोकळं असू शकतं. म्हणून तिचं म्हणणं खरं होतं. 'आमच्याकडे पडलाच नव्हता.'

२६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी, त्याच शहरात, कुलाब्याला ७४ च्या आसपास. एका टोकाला महाप्रलय, दुसऱ्या टोकाला नेहमीचा पावसाळी दिवस. पुण्याचा पाऊस आपण शिवाजीनगरच्या वेधशाळेवरून सांगतो. पण ओढ्याला शिवाजीनगरशी काही देणंघेणं नाही, त्याला कात्रजशी आहे.

आता त्या 'ढगफुटी'विषयी. हा शब्द आपण फार सैल वापरतो. हवामान खात्याच्या लेखी ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. डोंगराळ मुलखात तसं होतं. पण आपल्याकडे रस्त्यावर पाणी साचलं की दुसऱ्या दिवशी ढगफुटी. मला या शब्दाचा राग एवढ्यासाठी येतो, की तो उच्चारला की चौकशी बंद होते. ढगच फुटला म्हटल्यावर माणूस काय करणार? मी स्वतः हाच शब्द वापरून तिच्या प्रश्नातून सुटलो होतो.

सर, आता थोडं गणित. खडू मारू नका.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपलं मैदान साधारण एक एकर धरू, म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी झालं चार लाख लिटर. उन्हाळ्यात आपण टँकर मागवतो तो दहा हजार लिटरचा. म्हणजे एका मैदानावर चाळीस टँकर. फक्त एका मैदानावर. कात्रजच्या डोंगरउतारावर असे किती एकर आहेत ते मनात आणा.

पण पडलेलं सगळं पाणी ओढ्यात येत नाही. गवताळ, झाडीच्या जमिनीवर ढोबळमानानं दहातलं तीन भाग पाणी वाहून जातं. बाकीचं मातीत मुरतं, खड्ड्यात थांबतं, पानांवर राहतं. काँक्रीट, डांबर, फरशी केली की दहातलं नऊ भाग वाहतं. आम्ही हिशोब असा करतो: दहा हेक्टरचा उतार, तासाला ५० मिलिमीटर पाऊस. उतार मोकळा असेल तर ओढ्यात सेकंदाला सुमारे ४२० लिटर पाणी येईल. तोच उतार बांधून काढला तर सुमारे १,२५० लिटर. पाऊस तोच, ढग तोच, पाणी तिप्पट.

आणि ही निम्मीच गोष्ट झाली. मोकळ्या उतारावर पाणी रमतगमत येतं. गवतात अडतं, बांधापाशी थांबतं. वरचं पाणी खाली पोचेपर्यंत खालचं पाणी निघून गेलेलं असतं. पन्हाळ, पाइप आणि सिमेंटचं गटार केलं की सगळीकडचं पाणी एकाच वेळी खाली पोचतं. शाळा सुटल्यावर सगळे वर्ग एकदम जिन्यात घुसले तर काय व्हायचं आठवतंय ना? मुलं तेवढीच. दोन-दोन वर्ग सोडले की जिना पुरायचा. ओढ्याचा जिना तेवढाच राहिला, किंबहुना अरुंद झाला, आणि सगळे वर्ग आपण एकदम सोडायला लागलो.

मग हवामानबदलाचं काय? तोही खरा आहे, आणि कुणी तो थोतांड म्हणायला लागलं तर मी भांडेन. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. भौतिकशास्त्राचा नियम आहे, कुणाचं मत नव्हे. मोठं भांडं उपडं झालं की जास्त सांडतं. आणि याचा अभ्यास लांब कुठे नाही, आपल्या पाषाणला झालेला आहे. तिथल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की मध्य भारतात अतिजोराच्या पावसाच्या घटना वाढताहेत आणि मध्यम पावसाच्या कमी होताहेत. म्हणून वर्षाची बेरीज बघितली तर फारसं काही बदललेलं दिसत नाही. त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्राकडून येणाऱ्या बाष्पातले मोठे चढउतार आहेत.

बेरीज तीच आणि पडायची तऱ्हा वेगळी, हे आपल्या आजीलाही कळलं असतं. संततधार म्हणजे जमिनीनं पिण्याचा पाऊस. धो धो म्हणजे वाहून जाण्याचा.

२०१९ चा मोसमही विचित्र होता. जून कोरडा, मग पावसानं काही उसंत दिली नाही. ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात. हिंद महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा बराच तापलेला. मोसमी पावसाच्या परतीला वायव्य भारतातून सुरुवात झाली ती थेट ९ ऑक्टोबरला, नोंदी ठेवायला लागल्यापासून सर्वांत उशिरा. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या डोंगरावरची माती आधीच भिजून चिंब होती. आपल्याकडे माती तरी किती, वीत-दोन वीत. खाली मुरूम आणि काळा पाषाण. त्यात आणखी मुरायला जागा नव्हती. तलाव भरलेला. अशात संध्याकाळचा मोठा पाऊस आला.

तो एक पाऊस हवामानबदलामुळेच पडला, असं मी म्हणणार नाही. एकेका पावसाचा असा दाखला द्यायला स्वतंत्र अभ्यास लागतो. पण एवढं म्हणता येतं, की असे पाऊस आता जास्त वेळा येतील. आणि दोन्ही कारणांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. पाऊस थोडा वाढला, वाहणारं पाणी तिप्पट झालं, पोचायचा वेळ घटला, वाट अर्धी झाली. सर, गुणाकारात एक संख्या लहान असली म्हणून उत्तर लहान येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत.

त्या रात्री पुणे शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून जास्त माणसं गेली. अरण्येश्वरजवळ टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. गोठ्यांत दावणीला बांधलेली जनावरं जागेवर बुडाली. मोटारी एकमेकींवर चढल्या.

भिंतीविषयी जरा थांबून बोलायचंय, कारण हे कुणी सांगत नाही. आपण सोसायटीला सीमाभिंत घालतो ती चोर आणि कुत्री येऊ नयेत म्हणून. नऊ इंची विटांची, पाच-सहा फूट उंच. तिला पाण्याचा रेटा सोसायचा आहे हे बांधणाऱ्याच्या मनातही नसतं. तिच्यामागे दीड मीटर पाणी अडलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे अकराशे किलो वजनाइतका रेटा येतो. पाणी दुप्पट चढलं तर रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. भिंत काही वेळ धरते. तेवढ्या वेळात तिच्यामागे तळं होतं. मग ती एका क्षणात जाते, आणि ते सगळं तळं विटांसकट खालच्या घरावर येतं. ओढ्याच्या काठानं अशा भिंती एकामागून एक आहेत. प्रत्येक भिंत म्हणजे कुणीही मंजूर न केलेलं एक छोटं धरण. आपण पानशेतच्या गोष्टी सांगतो आणि आपल्याच आवारात पानशेतं बांधून ठेवतो.

भिंतींशिवाय पात्रातच टाकलेल्या मैलापाण्याच्या वाहिन्या, त्यांची वर आलेली चेंबरं, पुलाखाली अडकलेला राडारोडा, प्लास्टिक, गणपतीनंतरचं थर्माकोल. ते सगळं तुम्ही रोज बघता, त्यावर वेळ घालवत नाही.

आता मला जे सांगायला जड जातंय ते.

१९९० च्या दशकात मी एका सल्लागार कचेरीत होतो. दक्षिणेकडच्या उतारावर एक मोठा ले-आउट आमच्याकडे आला. त्या जमिनीतून आंबिल ओढ्याला मिळणारा एक लहान ओहोळ जात होता. चांगला नागमोडी, दोन वळणं घेऊन, काठाला करंज आणि उंबर. उन्हाळ्यात कोरडा. मालकाला तो सरळ करून हवा होता, म्हणजे बरेच गुंठे मोकळे होत होते. ते ड्रॉइंग मी काढलं. सरळ रेघ, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, तळाला काँक्रीट, रस्त्याखाली ऐसपैस पेटी मोरी. पावसाचे आकडे जुन्या तक्त्यातून घेतले, तेव्हा सगळे तसेच घेत. हिशोब दोनदा तपासला. मंजुरी मिळाली. साहेबांनी पाठ थोपटली.

२५ सप्टेंबरच्या रात्री त्या ले-आउटमध्ये थेंबभर पाणी शिरलं नाही. मी दुसऱ्या आठवड्यात मुद्दाम जाऊन आलो. तिथले लोक म्हणाले, "साहेब, आमच्याकडे काही झालं नाही. इथलं काम चांगलं आहे."

काम चांगलंच होतं. काँक्रीटच्या सरळ, गुळगुळीत नाळेतून पाणी फार जोरात जातं. त्या दोन वळणांवर जे पाणी पूर्वी पसरायचं, रेंगाळायचं, अर्धा तास थांबायचं, ते माझ्या नाळेनं काही मिनिटांत खाली पोचवलं. माझ्या ड्रॉइंगची हद्द जिथे संपत होती तिथे माझा हिशोबही संपत होता. ओढा तिथे संपत नव्हता. त्याच्या काठानं खाली गेलं की आपल्या मैत्रिणीचं घर येतं.

एकट्या माझ्या नाळेनं तिचं घर बुडालं असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं हाही एक प्रकारचा फुशारकीचा भाग होईल. माझ्यासारख्या कितीतरी ड्रॉइंगा त्या उतारावर आहेत, आणि प्रत्येक आपापल्या हद्दीत निर्दोष आहे. पण तू विचारलंस ना, पाणी आलं कुठून? त्यातलं थोडं माझ्या टेबलावरून आलं. हे तुला पाच वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

(इथे सभागृहात काही वेळ शांतता होती. मग ती वर्गमैत्रीण तिसऱ्या रांगेतून म्हणाली, "पुढे बोल." — संपादक)

पुढे बोलतो.

नद्यांच्या काठाला निळी आणि लाल अशा पूररेषा आखतात, हे तुम्ही ऐकलं असेल. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. यातल्या 'एकदा'वर सगळे फसतात. २०१९ ला येऊन गेला, आता २०४४ पर्यंत निवांत, असा त्याचा अर्थ नाही. अर्थ असा, की दर वर्षी शंभरात चार इतकी शक्यता. वीस वर्षांचं गृहकर्ज काढून तुम्ही निळ्या रेषेवर घर घेतलंत, तर हप्ते संपायच्या आत किमान एकदा पूर बघण्याची शक्यता शंभरात छप्पन्न. नाणं उडवण्यापेक्षा वाईट. लाल रेषेवर घेतलंत तरी शंभरात अठरा. आणि हा हिशोब जुन्या पावसावर बेतलेला. पाऊस बदलला की रेषा जागची हलते. नकाशावर मात्र ती तिथेच राहते. या रेषा ओढ्यांनाही आखायला हव्यात, आजच्या पावसाच्या आकड्यांवर आणि आजच्या बांधलेल्या उतारावर.

आणि त्या आखल्यावर कुणाला हलवायचं, हा प्रश्न येतोच. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत ओढ्याचा प्रवाह सरळ करण्यासाठी घरं पाडायला सुरुवात झाली होती. ऐन पावसाळ्यात. लोक रस्त्यावर आले, प्रकरण न्यायालयात गेलं, स्थगिती मिळाली. काठावरच्या झोपडीला धोका आहे हे खरं आहे, तिथे राहणाऱ्यांना तो माझ्याहून जास्त माहीत आहे. पण झोपडी दिसते. वरच्या उतारावरचं काँक्रीट, आमच्यासारख्यांच्या सोसायटीतली फरसबंदी, मंजुरी घेऊन सरळ केलेला ओहोळ, ते अतिक्रमण म्हणून दिसत नाही. खालच्या काठावरचा माणूस पाणी तयार करत नाही. त्याच्याकडे ते येतं. हिशोब वरून सुरू केला तर कदाचित खाली कमी घरं हलवावी लागतील.

आता तुम्ही म्हणाल, मग करायचं काय. पुन्हा भिंती उंच करायच्या, ओढा खोल करायचा, हे माझ्या धंद्यातले लोक सुचवतील. मीही सुचवलं असतं. माझं आजचं मत वेगळं आहे. ओढ्याला खोली नको, रुंदी हवी. जिथे अजून मोकळी जागा उरली आहे, तिथे ती वर्षातले तीनशे पन्नास दिवस मैदान, बाग असू दे आणि उरलेले दिवस ओढ्याची. ज्या सीमाभिंती प्रवाहाला आडव्या आहेत, त्यांच्या खालच्या भागात जाळ्या बसवा, पाण्याला जाऊ द्या. फरशी काढून जिथे शक्य आहे तिथे माती उघडी करा. तुमच्यापैकी किमान दहा जण आपापल्या सोसायटीचे अध्यक्ष किंवा सचिव आहेत, आज चहाच्या वेळी मला कळलंच. पार्किंगला फरशीऐवजी खडी घालायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त सर्वसाधारण सभेत शिव्या खायची तयारी लागते.

आणि वर्दी. तलावाच्या सांडव्यावर पाणी किती चढलंय हे खालच्या वस्तीला कळलं, तर मिळतील ती वीस मिनिटंसुद्धा एखाद्या म्हाताऱ्या बाईला वरच्या मजल्यावर न्यायला पुरतात. गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं. फूट-दीड फुटात लहान मोटार तरंगायला लागते. त्या रात्री कितीतरी जण गाडी काढायला खाली उतरले होते. गाडी सोडा. हे घरी जाऊन मुलांना सांगा, त्यांना आपल्यापेक्षा गाडीची जास्त काळजी असते.

एक छोटी सूचना समितीला. शाळेला आपल्या तुकडीतर्फे स्मरणार्थ कमान देण्याचं घाटतंय असं ऐकलं. कमानीला माझा विरोध नाही, पण त्याआधी गच्चीवर एक पर्जन्यमापक बसवू. तो काही फार महाग नसतो. पाचवी ते नववीच्या मुलांनी रोज सकाळी साडेआठला आकडा वाचायचा आणि फळ्यावर लिहायचा. वेधशाळेतही हीच वेळ पाळतात. कात्रज, धनकवडी, पद्मावतीच्या शाळांनीही असं केलं, तर पुढच्या वेळी 'आमच्याकडे पडलाच नव्हता' आणि 'वर फार पडला' या दोन वाक्यांच्या मधे निदान काही आकडे असतील. सर अजून रोज फिरायला मैदानावर येतात. मुलांचे आकडे तपासायला त्यांच्याइतका कडक माणूस मिळायचा नाही.

दुसरं, तुमच्या घरातले जुने अल्बम काढा. सहल, मुंज, सायकलवरचा फोटो, काहीही. ज्यात मागे ओढा दिसतोय असा प्रत्येक फोटो मला हवा आहे. मागच्या महिन्यात एकानं १९८१ चा फोटो पाठवला. त्यात आपण पाच जण पुलाच्या कठड्यावर बसलोय, आणि मागे ओढ्याचं पात्र दिसतंय. पुलाच्या कमानी मोजून मी रुंदी काढली. आज तिथे निम्मीसुद्धा नाही. असे वीस-पंचवीस फोटो जमले तर ओढा कुठवर होता हे नकाशावर दाखवता येईल. सरकारी कागदापेक्षा तुमच्या मुंजीचा फोटो जास्त खरं बोलेल, कारण तो काढताना कुणाचा हेतू ओढ्याचा फोटो काढण्याचा नव्हता.

येत्या रविवारी आम्ही काही जण तलावापासून दांडेकर पुलापर्यंत ओढ्याच्या काठानं चालणार आहोत, जिथे काठ उरलाय तिथून. भूगोलाच्या बाईंनी पद्मावतीपर्यंत येण्याचं कबूल केलं आहे, पुढे रिक्षा. माझी ती नाळही वाटेत लागेल, ती मी स्वतः दाखवीन. सकाळी सात वाजता तलावाच्या बांधावर या. बूट जुने घाला, आणि पाण्याची बाटली बरोबर घ्या.